सहकारी बँकांचे खटले एकाच न्यायालयात हवेत, पण मुदत घालून

बँकिंग नियमन कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि सहकारी बँकांच्या कारभारातला रिझर्व्ह बँकेचा शब्द एकदम वजनदार झाला. २६ जून २०२० ला वटहुकूम निघाला, सप्टेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. नागरी सहकारी बँकांना तो लगेच लागू झाला, राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना १ एप्रिल २०२१ पासून. त्यानंतर ठिकठिकाणच्या बँकांनी आपापल्या उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिले. तामिळनाडूतल्या बँका मद्रास उच्च न्यायालयात गेल्या, इतर राज्यांतल्या त्यांच्या त्यांच्या दारात. मग रिझर्व्ह बँक सर्वोच्च न्यायालयात गेली आणि म्हणाली, प्रश्न एकच आहे, तो एकाच ठिकाणी ऐका. सर्वोच्च न्यायालयाने या याचिका मद्रास उच्च न्यायालयाकडे वर्ग केल्या.

आपल्याकडच्या सहकारी वर्तुळात यावर नाराजी आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. तरीही या घटनात्मक प्रश्नाची सुनावणी एकाच न्यायालयात व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. मात्र नुसत्या फायली एका इमारतीत नेऊन ठेवल्या म्हणजे एकत्रीकरण झाले, असे मी मानत नाही. कोणते प्रश्न एकत्र करायचे, कोणते जिथल्या तिथे ठेवायचे, कोणाला ऐकायचे आणि किती दिवसांत संपवायचे, हे ठरवल्याशिवाय केलेले एकत्रीकरण बँकांच्याही कामाचे नाही आणि ठेवीदारांच्याही.

हा कायदा काउंटरवर कसा पोहोचला ते आधी पाहू. नागरी सहकारी बँकेतून कर्ज घेतले की कर्जाच्या प्रमाणात बँकेचे शेअर सहसा घ्यावे लागतात. तारण असेल तर अडीच टक्के, विनातारण असेल तर पाच टक्के. दहा लाखांचे विनातारण कर्ज घेणाऱ्या छोट्या दुकानदाराच्या पन्नास हजारांचे असे शेअर होतात. त्याच्या हिशेबी ती अनामतच असते. कर्ज फिटले की अर्ज करायचा, संचालक मंडळ मंजूर करते, पैसे खात्यात जमा होतात, ही पिढ्यानपिढ्यांची रीत. २०२० च्या दुरुस्तीने सांगितले की शेअर परत करून पैसे मागण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि रिझर्व्ह बँक घालून देईल त्या अटींखेरीज बँकेला भागभांडवल कमी करता येणार नाही. या कलमावर बोट ठेवून परतावे थांबले. पुढे मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून, भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल, नऊ टक्के किंवा जास्त असेल आणि परताव्यानंतरही ती त्याखाली जाणार नसेल, तर परतावा देण्यास मुभा दिली.

शाखाधिकाऱ्यासमोर हातात फेडीचा दाखला घेऊन बसलेल्या माणसाला राज्यघटनेतली संघसूची (केंद्राच्या कायद्यांचे विषय) आणि राज्यसूची (राज्यांच्या कायद्यांचे विषय) ठाऊक नसते. त्याचे पन्नास हजार मात्र त्याच वादात अडकलेले असतात. सहकारी संस्थेचा सभासद बाहेर पडताना आपला हिस्सा मागू शकतो, हा सहकाराचा जुना नियम. तर बँकेचे भांडवल ही ठेवीदारांसाठीची शेवटची उशी, ती मागेल त्याला काढून देता येत नाही, हा बँकिंगचा नियम. दोन्ही नियम आपापल्या जागी रास्त आहेत. एकाच संस्थेत दोन्ही एकत्र आले की कोणाचे चालणार, हाच सगळ्या याचिकांचा गाभा आहे.

राज्यघटनेने हा पेच मुळातच ठेवला आहे. संघसूचीतली नोंद ४५ म्हणते ‘बँकिंग’. त्याच सूचीतली नोंद ४३ बँकिंग महामंडळांची स्थापना, नियमन आणि विसर्जन केंद्राकडे देते, पण सहकारी संस्थांना त्यातून स्पष्टपणे वगळते. आणि राज्यसूचीतली नोंद ३२ सहकारी संस्था राज्याकडे सोपवते. म्हणून १ मार्च १९६६ ला बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला तेव्हापासून दुहेरी नियंत्रण आले. परवाना, रोखता, कर्जाचे नियम रिझर्व्ह बँकेकडे. नोंदणी, निवडणूक, पोटनियम, वार्षिक सभा राज्याच्या सहकारी संस्था निबंधकाकडे. एकाच राज्यात काम करणाऱ्या बँकेचे संचालक मंडळ बरखास्त करायचे तर रिझर्व्ह बँकेने कळवायचे आणि निबंधकाने राज्याच्या कायद्याखाली आदेश काढायचा. २०२० नंतर रिझर्व्ह बँक हे स्वतः करू शकते, राज्य सरकारशी विचारविनिमय केला की झाले.

यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल जवळपास चौदा महिन्यांच्या अंतराने आले, आणि दोन्ही बाजू त्यातला आपल्याला हवा तो उचलतात. पहिला ५ मे २०२० चा, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या वसुलीतून निघालेले ते प्रकरण. सरफेसी या कर्जवसुलीच्या केंद्रीय कायद्याखाली सहकारी बँकेला थकबाकीदाराची तारण मालमत्ता ताब्यात घेता येते का, असा प्रश्न होता. न्यायालय म्हणाले, येते. कारण सहकारी बँका करतात ते बँकिंगच आहे आणि बँकिंगपुरता नोंद ४५ खालचा केंद्राचा कायदा त्यांना लागू आहे. पण त्याच निकालाने असेही म्हटले की या संस्थांची स्थापना, नियमन आणि विसर्जन हा राज्याचा प्रांत आहे. दुसरा निकाल २० जुलै २०२१ चा, ९७ व्या घटनादुरुस्तीवरचा. निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती न घेता केंद्राने सहकारी संस्थांच्या कारभाराचे नियम घटनेत घातले होते. एकाच राज्यात काम करणाऱ्या संस्थांपुरते ते रद्द झाले. सहकार हा राज्याचा विषय आहे, हे न्यायालयाने त्यात निःसंदिग्धपणे सांगितले.

आता २०२० च्या दुरुस्तीतले एकेक कलम घ्या आणि रेघ मारून पाहा. बुडत्या बँकेचे दुसऱ्या बँकेत विलीनीकरण, हे बँकिंग की संस्थेचे विसर्जन? संचालकाने सलग किती वर्षे खुर्चीवर राहावे, हे बँकिंग की संस्थेचा अंतर्गत कारभार? निम्म्याहून अधिक संचालक बँकिंग, लेखा, कायदा, शेती अशा क्षेत्रांतले जाणकार हवेत, ही अट ठेवीदारांच्या रक्षणासाठी की सभासदांच्या मतदानाच्या हक्कावर मर्यादा? एका उच्च न्यायालयाने ही रेघ इकडे मारली आणि दुसऱ्याने तिकडे, तर दोघांचेही तर्क प्रामाणिक असू शकतात. मात्र बँकेचा कारभार दोन तर्कांवर चालत नाही.

महाराष्ट्र, गोवा, गुजरात आणि कर्नाटकात शाखा असलेली एखादी बहुराज्यीय बँक डोळ्यांसमोर आणा. एका उच्च न्यायालयाने संचालकांच्या मुदतीच्या कलमाला अंतरिम स्थगिती दिली, दुसऱ्याने नाकारली. त्या बँकेच्या वार्षिक सभेत संचालक पुन्हा उभा राहू शकतो का? कंपनी सचिवाने कोणता आदेश पुढे ठेवायचा? यात आणखी एक गुंता आहे. २००४ च्या कुसुम इंगॉट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की संसदेच्या कायद्याच्या वैधतेवर उच्च न्यायालयाने दिलेला आदेश, अंतरिम असो वा अंतिम, तो कायदा जिथे लागू आहे तिथे देशभर परिणाम करतो. म्हणजे एका उच्च न्यायालयाची स्थगिती देशातल्या प्रत्येक नागरी बँकेपर्यंत पोहोचू शकते, आणि जिच्यावर तो परिणाम होतो ती बँक त्या सुनावणीत हजरही नसते. सगळ्यांना लागू होणारा आदेश निघणारच असेल, तर तो सगळ्यांना ऐकून निघावा. एकत्रीकरणाच्या बाजूने मला सगळ्यात पटणारा मुद्दा हाच आहे.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, म्हणजे पीएमसी बँकेचे उदाहरण यात टाळता येत नाही. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध आणले आणि सुरुवातीला सहा महिन्यांसाठी एका खात्यातून फक्त एक हजार रुपये काढायची परवानगी दिली. ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली, तरी नऊ लाखांहून अधिक ठेवीदार दोन वर्षांहून जास्त काळ लटकत राहिले. अखेर जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. हे विलीनीकरण झाले कलम ४५ खाली, म्हणजे २०२० च्या दुरुस्तीने सहकारी बँकांना नव्याने लागू केलेल्या कलमाखाली. योजना ठेवीदारांना सुखाची नव्हती. विम्याच्या पाच लाखांपलीकडची रक्कम दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळणार होती, आणि निवृत्तीची सगळी पुंजी त्यात ठेवलेल्या माणसासाठी दहा वर्षे म्हणजे उरलेले आयुष्यच. तरीही योजना होती. मधल्या काळात एखाद्या राज्यातल्या बँकांच्या याचिकेवर याच कलमाला देशव्यापी स्थगिती मिळाली असती, तर पीएमसीच्या ठेवीदारांच्या हाती तीही राहिली नसती, आणि त्या खटल्यात त्यांचा वकीलसुद्धा नसता.

आता नाराजीकडे येतो. सांगलीची किंवा लातूरची चार शाखांची बँक चेन्नईला कशी जाणार? वकील कोण लावणार, पोटनियम मराठीत, सभेची इतिवृत्ते मराठीत, त्यांची इंग्रजी भाषांतरे कोणाच्या खर्चाने? कोल्हापूरकरांनी मुंबईच्या वाऱ्या नकोत म्हणून अनेक वर्षे आंदोलन केले, तेव्हा कुठे ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे सर्किट बेंच सुरू झाले. त्याच माणसाला आपल्या बँकेच्या खटल्यासाठी बंगालच्या उपसागराच्या काठावर जायला सांगणे हा अन्याय आहे, असे त्याला वाटले तर मी त्याला चूक म्हणणार नाही. सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. या विषयावर दशकानुदशके निकाल देणारे न्यायालय मुंबईचे आहे, राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याची नस जाणणारा वकीलवर्ग इथे आहे. निवड माझ्याकडे असती तर मी हे खटले मुंबईला आणले असते, किंवा थेट सर्वोच्च न्यायालयात नेले असते.

थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याची सोय राज्यघटनेतच आहे. अनुच्छेद १३९अ नुसार, सारखाच आणि सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर प्रश्न दोन किंवा अधिक उच्च न्यायालयांत प्रलंबित असेल तर सर्वोच्च न्यायालय ती प्रकरणे स्वतःकडे घेऊ शकते, किंवा न्यायाच्या सोयीसाठी एका उच्च न्यायालयातून दुसऱ्याकडे पाठवू शकते. दिवाळखोरी संहितेतल्या वैयक्तिक हमीदारांच्या प्रश्नात पहिला मार्ग घेतला गेला. कंपन्यांच्या कर्जाला हमी देणाऱ्या व्यक्तींना संहिता लागू करणाऱ्या नोव्हेंबर २०१९ च्या अधिसूचनेला अनेक उच्च न्यायालयांत आव्हान होते. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रकरणे स्वतःकडे घेतली आणि २१ मे २०२१ ला निकाल दिला. सात महिनेही लागले नाहीत. निकाल ज्यांच्या विरोधात गेला त्यांनाही निदान आपण कुठे उभे आहोत ते कळले.

उलट बाजूचा युक्तिवादही हलका नाही. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी एकाच प्रश्नावर वेगवेगळा विचार केला तर सर्वोच्च न्यायालयापुढे तयार, घासूनपुसून पाहिलेले मतभेद येतात. एकाच ठिकाणी ऐकले तर एकाच खंडपीठाच्या नजरेतून सगळे जाते. केरळातली सहकारी बँक आणि विदर्भातली सहकारी बँक यांचा इतिहास वेगळा, हेही खरे. फौजदारी कायद्याच्या किंवा कराच्या बारीक प्रश्नात मी हा मार्ग पत्करेन. बँकेच्या बाबतीत मात्र मतभेद पिकत ठेवण्याची किंमत ठेवीदार मोजतो. नियामकाचा अधिकार आहे की नाही हेच अनिश्चित असेल, तर अडचणीतल्या बँकेकडे वेळीच कोणी हात घालत नाही, आणि ज्यांना आतली खबर असते ते रांग लागण्याआधी पैसे काढून मोकळे होतात. आणि इतिहासातला फरक सांगायचा असेल, तर तो एकाच न्यायालयात चार राज्यांचे वकील शेजारी शेजारी उभे राहून अधिक नीट सांगू शकतात. ऑनलाइन सुनावणी आणि ई-फायलिंगची सोय आता आहे. अशा वर्ग केलेल्या प्रकरणात दूरच्या पक्षकाराला ती हक्क म्हणून मिळावी, आणि पोटनियमांसारखी सगळ्या बँकांत थोड्याफार फरकाने सारखी असणारी कागदपत्रे एकदाच भाषांतरित करून सामाईक संचात लावावीत. संकलनाचे हे काम सहकारी बँकांच्या फेडरेशनने अंगावर घ्यायला हवे. छोट्या बँकेकडे त्यासाठी माणूस नसतो.

पण एकत्रीकरणाच्या नावाखाली सगळेच उचलून नेणे मला मान्य नाही. कायदा वैध आहे का, हा प्रश्न वेगळा. आणि या बँकेचा परवाना रद्द करताना तिचे म्हणणे ऐकले का, आकडे बरोबर धरले का, हा वेगळा. दुसरा प्रश्न त्या बँकेच्या गावाजवळच्या उच्च न्यायालयातच राहिला पाहिजे. पुण्याच्या रुपी बँकेचे पाहा. १९१२ साली स्थापन झालेल्या या बँकेवर २०१३ पासून निर्बंध होते, ऑगस्ट २०२२ मध्ये परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशामुळे तो सहा आठवड्यांनी लागू व्हायचा होता. परवाना अखेर गेला, पण बँकेला वरच्या दारात जाण्याइतका अवधी मिळाला. असा अवधी देणारे न्यायालय जवळ असावे लागते. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिकेत जोडीला परवान्याचा मुद्दाही असेल तर तेवढा भाग वेगळा काढून मागे ठेवता येतो. पण वर्ग करण्याच्या आदेशात हे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर इथले न्यायालय म्हणते तिकडे जा आणि तिकडचे म्हणते आधी मुख्य मुद्दा ऐकू. मधल्या मध्ये बँक संपते.

वेळेचा मुद्दा मला सर्वात जिव्हाळ्याचा वाटतो, कारण खटला थांबला तरी कायदा थांबत नाही. संचालकाच्या सलग आठ वर्षांच्या मर्यादेचेच घ्या. १९९५ पासून निवडून येणारा संचालक असेल, तर ही आठ वर्षे कुठून मोजायची? जून २०२० पासून मोजली तर तो २०२८ पर्यंत राहतो. मागची मोजली तर दुरुस्ती आली त्या दिवशीच त्याला जावे लागते. हा एका माणसाच्या खुर्चीचा प्रश्न नाही. अपात्र ठरू शकणाऱ्या संचालकांनी मंजूर केलेल्या कर्जांचा आणि त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांचाही तो आहे. दरम्यान संसदेने २०२५ च्या सुधारणा कायद्याने आठची दहा वर्षे केली आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ती लागू झाली. मर्यादा बदलली, ती घालण्याचा अधिकार कोणाचा हा प्रश्न मात्र तसाच. सहकारी बँकेच्या मंडळाची मुदत पाच वर्षांची असते. वटहुकूम निघाल्यापासून तेवढी एक पूर्ण मुदत उलटून गेली आहे.

म्हणून वर्ग करण्याच्या आदेशातच कालमर्यादा हवी. सहा महिन्यांत सुनावणी, ठरलेल्या तारखा, एकच खंडपीठ, आणि तोवर अंतरिम दिलासा द्यायचा तर कलमनिहाय. संपूर्ण कायद्याला सरसकट स्थगितीही नको आणि सरसकट नकारही नको. विलीनीकरण आणि निर्बंधांची कलमे चालू राहू द्यावीत, कारण तिथे एका दिवसाच्या उशिराने ठेवी बुडतात. संचालकांच्या मुदतीसारख्या कलमाला तात्पुरता लगाम घातला तर आकाश कोसळत नाही. निकालही असाच कलमनिहाय यावा. माझ्या मते भांडवल, विलीनीकरण आणि लेखापरीक्षण हे उघडपणे बँकिंग आहे आणि तिथे केंद्राचा अधिकार टिकायला हवा. सभासदांनी कोणाला निवडून द्यावे, यावरच्या मर्यादांबद्दल मात्र राज्यांची बाजू मला अधिक भक्कम वाटते, जरी वर्षानुवर्षे खुर्ची न सोडणारे संचालक मलाही नको आहेत. चांगला नियम असला तरी तो करण्याचा अधिकार ज्याचा त्यानेच तो करावा, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाला तो करण्यापासून कोणी अडवलेले नाही.

उरला तो पक्ष, जो यातल्या बहुतेक याचिकांत नसतो. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार १,५४० नागरी आणि बहुराज्यीय सहकारी बँकांत ८ कोटी ६० लाख ठेवीदारांचे सुमारे ४ लाख ८४ हजार कोटी रुपये होते. सहकारी बँकेत मत असते सभासदाला. फक्त ठेव ठेवणाऱ्याला ते नसते. याचिका करायची की नाही हे संचालक मंडळ ठरवते, तिचा खर्च बँकेच्या तिजोरीतून होतो, आणि आव्हान दिलेल्या कलमांपैकी एक त्याच संचालकांच्या मुदतीचे असते. समोर उभी असते रिझर्व्ह बँक, जी आपल्या अधिकाराचे समर्थन करते. ठेवीदाराचे हित दोघेही सांगतात, पण ते कोणाचेच अशील नसते. आणि त्याचे म्हणणे दोघांपेक्षा वेगळे असू शकते. त्याला कडक नियंत्रण हवे असेल, पण निर्बंध घालून वर्षानुवर्षे लटकत ठेवणे नको असेल; विलीनीकरण हवे असेल, पण दहा वर्षांच्या हप्त्यांवर त्याला बोलायचे असेल.

पंधरा उच्च न्यायालयांत ठेवीदारांच्या संघटना जाऊ शकत नाहीत, तेवढे बळ त्यांच्यापाशी नाही. एका न्यायालयात जाऊ शकतात. तेव्हा ज्या न्यायालयाकडे हे खटले गेले आहेत त्याने ठेवीदार संघटनांना हस्तक्षेपाची परवानगी द्यावी, त्यांच्यासाठी एक न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारा वकील, नेमावा, आणि ठेवीदारांना सुनावणीची सूचना प्रत्येक बँकेने आपल्या शाखेच्या फलकावर आणि खातेदारांच्या मोबाईलवर, त्या त्या राज्याच्या भाषेत पाठवावी, असा आदेश काढावा.